सीताफळ क्रीम: गार, हलकं आणि पाणी न सुटणारं

पाऊस ओसरायला लागला की पुरंदरची सीताफळं सासवडच्या बाजारातून पुण्याच्या मार्केट यार्डात आणि तिथून मंडईत, गल्लीतल्या हातगाड्यांवर येतात. पाणी देऊन धरलेल्या बागांचा माल जूनपासूनच दिसतो, पण भाव उतरतो आणि फळ भरतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. नेमक्या त्याच सुमारास, दसऱ्याच्या तोंडावर, डेअऱ्यांमध्ये चक्क्याची पातेली भरलेली असतात. सीताफळ आणि चक्का एकाच वेळी हाताशी असताना नुसत्या क्रीममध्ये गर कालवून खाण्यात अर्थ नाही. फक्त क्रीम आणि सीताफळ एकत्र केलं तर चार चमच्यांनंतर जड वाटतं. क्रीमची निम्मी जागा चक्क्याला दिली की आंबटसर धार येते, तूपकटपणा कमी होतो आणि घट्टपणाही टिकतो. पुढची कृती त्याच बेतावर आहे.

हा पदार्थ बहुतेक वेळा बिघडतो तो दोन कारणांनी. क्रीम पुरेसं गार नव्हतं, किंवा फळातलं नाहीतर चक्क्यातलं पाणी पुरेसं काढलं नव्हतं.

साहित्य (६ वाट्या)

- सीताफळं: १ किलो, म्हणजे मोठी ३ किंवा मध्यम ४. बिया काढून ३५० ते ४०० ग्रॅम गर मिळतो; फळं बारीक आणि बियाळ असतील तर कमी.
- व्हिपिंग क्रीम, दुधाचं, ३० टक्के किंवा अधिक फॅटचं: २०० मिली
- चक्का: १५० ग्रॅम
- पिठीसाखर, चाळलेली: ३० ते ४० ग्रॅम (सपाट ४-५ मोठे चमचे)
- लिंबाचा रस: १ छोटा चमचा
- मीठ: चिमूटभर

वेलदोडा, जायफळ, केशर, इसेन्स यांतलं काहीही नको. सीताफळाचा वास नाजूक असतो. वेलदोडा पडला की उरतो तो फक्त वेलदोडा.

फळ निवडणं आणि पिकवणं

सीताफळ घेताना रंगापेक्षा डोळे बघा. डोळ्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळट-पांढऱ्या दिसत असतील तर फळ झाडावर पूर्ण भरलेलं आहे आणि घरी नीट पिकेल. डोळे मिटलेले, फटी हिरव्या असतील तर ते कोवळं काढलेलं. असं फळ मऊ पडतं, पण गोडी येत नाही. तडकलेलं फळ स्वस्त मिळालं तरी नको, फटीतून मुंग्या आणि किडे आत गेलेले असतात. सालीवर काळे डाग असले तर हरकत नाही, आतला गर पांढरा असतो.

कडक फळ फ्रिजमध्ये ठेवू नका. साल काळी पडते आणि आतला गर पिकतच नाही. टोपलीत वर्तमानपत्र अंथरून एका थरात ठेवलं की २ ते ४ दिवसांत पिकतं. अंगठ्याने हलकं दाबल्यावर दबलं की तयार. त्यानंतर एक दिवस फ्रिजमध्ये चालतं.

हल्ली 'गोल्डन' जातीची मोठी फळं सगळीकडे मिळतात. त्यांत बिया कमी, गर भरपूर आणि पिकल्यावर टिकाऊपणाही जास्त. गर काढायचं काम निम्म्यावर येतं. 'फुले पुरंदर'सुद्धा भरदार गराची जात. चवीसाठी गावठी, बियाळ सीताफळ अजूनही सरस, पण सहा माणसांसाठी गर काढायला बसलात की बिया मोजायची वेळ येते. निम्मं हे आणि निम्मं ते घेतलं तर वेळही वाचतो आणि वासही मिळतो.

गर काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, साधारण अर्धा तास. घाई केली की पदार्थ कडू होतो.

फळ हाताने फोडून चमच्याने पाकळ्या एका भांड्यात काढा. सालीला लागून असलेला पातळ थर खरवडू नका, तो रवाळ असतो आणि दाताखाली वाळूसारखा लागतो. गर वाया जातोय असं वाटून बहुतेक जण नेमका हाच थर खरवडतात आणि मग क्रीम कचकच का लागतंय ते कळत नाही.

आता रवा चाळायची मोठ्या भोकांची चाळणी खोलगट भांड्यावर ठेवा. पिठाची बारीक चाळणी चालत नाही, गर अडकून बसतो. एका वेळी मूठभर पाकळ्या चाळणीत घेऊन स्वच्छ हाताने किंवा डावाच्या पाठीने गोल फिरवत घासा. बिया सुट्या होऊन वर राहतात. चाळणीच्या खालच्या बाजूला चिकटलेला गरही खरवडून घ्या, सगळ्यात मुलायम तोच.

मिक्सरमध्ये पाकळ्या घालून 'जरा फिरवून' बिया सुट्या करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती करू नका. पात्याला लागून एखादी बी फुटली तरी गर कडवट होतो आणि सीताफळाच्या बीमधला अंश विषारी असतो. बियांची पूड उवांवर लावायची पद्धत त्यामुळेच आली, आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. बिया सरळ कचऱ्यात टाका.

चाळलेल्या गरात लगेच लिंबाचा रस मिसळा. हवा लागली की गर तासाभरात गुलाबी-तपकिरी पडायला लागतो. आंबटपणामुळे तो वेग मंदावतो. गर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवा. वर प्लॅस्टिकची फिल्म किंवा बटर पेपर थेट गराला टेकेल असा दाबा, मधे हवा राहू देऊ नका, आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. १०-१२ अख्ख्या पाकळ्या आधीच बिया काढून बाजूला ठेवल्या तर वाढताना उपयोगी पडतात.

गर गॅसवर ठेवायचा नाही. सीताफळ तापलं की कडवटपणा येतो. बासुंदीतसुद्धा ते दूध गार झाल्यावरच घालतात, ते याचसाठी.

चक्का

डेअरीचा ताजा चक्का उत्तम. तरी एकदा बोटाने दाबून बघा: खड्डा तसाच राहिला तर ठीक, खड्ड्यात पाणी जमलं तर पंचात बांधून फ्रिजमध्ये तासभर लटकवा किंवा चाळणीवर वजन ठेवा. चाखूनही बघा; श्रीखंडात भरपूर साखर पडते म्हणून आंबट चक्का खपून जातो, इथे साखर अगदी कमी आहे.

घरी करायचा तर सायीसकट दुधाचं, ताजं, गोडसर दही ४०० ग्रॅम घ्या. साधारण १५० ते १७० ग्रॅम चक्का मिळेल. ऑक्टोबरच्या उकाड्यात दही स्वयंपाकघरात टांगलं तर रात्रभरात आंबून जातं. चाळणीत पंचा घालून, खाली भांडं ठेवून, फ्रिजमध्येच ६ ते ८ तास ठेवा.

चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढून घ्या. त्यात निम्मी पिठीसाखर आणि मीठ घालून चमच्याने घोटा. एकही गुठळी राहायला नको. पुढे क्रीम मिसळल्यावर गुठळ्या मोडायला गेलात तर क्रीममधली हवा निघून जाते.

क्रीम कोणतं आणि ते कसं फेटायचं

दुकानात 'क्रीम' म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात. टेट्रापॅकमधल्या साध्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं. ते भाजीत किंवा फ्रूट सॅलडमध्ये छान, पण कितीही फेटलं तरी शेंडा धरत नाही, म्हणजे पाती उचलल्यावर त्याचं टोक उभं राहत नाही. दुसरं दुधाचं व्हिपिंग क्रीम, ३० टक्क्यांच्या वरचं. आपल्याला हे हवं. तिसरं केकवाल्यांचं नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम: वनस्पती तेलाचं, आधीच गोड, फ्रीझरमध्ये ठेवलेलं. ते हमखास फुगतं आणि तासन् तास उभं राहतं, पण टाळूला मेणचट थर चिकटतो. तेच वापरायचं असेल तर कृतीतली साखर पूर्ण वगळा. पाकिटावर फॅटची टक्केवारी आणि घटक लिहिलेले असतात, ते वाचूनच घ्या.

घरची साय? तापवलेल्या दुधाच्या सायीत फॅटच्या गुठळ्या आधीच झालेल्या असतात. फेटली की ती फुगण्याऐवजी लोण्याकडे धावते. व्हिपिंग क्रीम मिळालंच नाही तर ताजी, विरजण न लावलेली गार साय १०० ग्रॅम घेऊन हाताने घोटा, चक्का २०० ग्रॅम करा आणि गर मिसळा. चव सुंदर लागते, फक्त हलकेपणा येत नाही. श्रीखंडाच्या जातीचं काहीतरी होतं.

आता गारवा. फेटताना क्रीममध्ये हवेचे बुडबुडे शिरतात आणि फॅटचे कण एकमेकांना अर्धवट चिकटून त्या बुडबुड्यांभोवती भिंत बांधतात. फॅट थंड आणि टणक असेल तरच ही भिंत उभी राहते. म्हणून क्रीम किमान ८ तास फ्रिजमध्ये, ४-५ अंशांवर असायला हवं. दुकानातून आणलं आणि लगेच फेटलं, हे जमत नाही. फ्रीझरमध्ये टाकून घाई केली तर कडेचं क्रीम गोठतं आणि नंतर फुटतं. स्टीलचं खोल भांडं आणि बीटरची पाती मात्र २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. दुपारी करत असाल तर परातीत बर्फ, थोडं पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून त्यात भांडं बसवा.

बीटर आधी मंद ठेवा. मिनिटभरात फेस येईल. मग मध्यम वेग. क्रीम दाट व्हायला लागलं की उरलेली पिठीसाखर घाला. पात्यांच्या रेषा क्रीममध्ये उमटून राहायला लागल्या की कान आणि डोळे उघडे ठेवा: बीटरचा आवाज जड होतो. दर १०-१५ सेकंदांनी थांबून पाती वर उचला. शेंडा उभा राहून टोक हलकेच वाकलं की थांबा. केकवर फुलं काढायला लागतो तसा ताठ शेंडा इथे नको. पुढे मिसळताना क्रीम आणखी थोडं घट्ट होतंच. बीटरने एकूण ३ ते ५ मिनिटं लागतात, तारेच्या हातफेटणीने ८ ते १०. रवीने क्रीम फुगत नाही, लोणी येतं. मिक्सरच्या भांड्यात क्रीम तापतं आणि बरोबर टप्पा काही सेकंदांत हुकतो.

क्रीम जरा रवाळ, पिवळसर दिसायला लागलं तर बीटर बंद करून २-३ मोठे चमचे न फेटलेलं गार क्रीम घाला आणि हाताने हळू ढवळा. बहुतेक वेळा सावरतं. त्यासाठी पाकिटात थोडं क्रीम राखून ठेवावं. पाणी वेगळं होऊन गोळे दिसले तर ते लोणीच झालं. साखर घातली नसेल तर तूप कढवा, घातली असेल तर पोळीला लावून संपवा.

एकत्र करणं

घोटलेल्या चक्क्यात गार गराचा दोन तृतीयांश भाग मिसळा. इथे बिनधास्त ढवळा. मग फेटलेल्या क्रीमचा साधारण तिसरा हिस्सा त्यात घालून तोही नीट ढवळून टाका. याने मिश्रण सैल होतं आणि उरलेलं क्रीम त्यात सहज सामावतं. उरलेलं क्रीम दोन वेळात घाला आणि आता ढवळणं बंद: रबरी स्पॅच्युला भांड्याच्या मधोमध तळापर्यंत उतरवा, तळ खरवडत कडेने वर आणा, मिश्रण उलटं करून टाका, भांडं थोडं फिरवा. अशा १५-२० फेऱ्या पुरतात. एखाद-दुसरी पांढरी रेघ राहिली तर राहू द्या. रंग अगदी एकसारखा करायच्या नादात भांड्यातलं मिश्रण डोळ्यांदेखत खाली बसतं.

वाट्याही आधी गार करा. तळाशी उरलेल्या गराचा एक चमचा, वर क्रीम, वर दोन अख्ख्या पाकळ्या. झाकून फ्रिजमध्ये ३ ते ४ तास. झाकण हवंच, कारण दुधाचं फॅट शेजारच्या भांड्यातला लसणाचा वास लगेच ओढून घेतं. दाराच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे तापमान सारखं वर-खाली होतं.

वाटीच्या तळाशी पाणी जमलं तर चक्का ओला होता, किंवा गराचं प्रमाण जास्त झालं. गराचं वजन चक्का आणि क्रीम मिळून होणाऱ्या वजनापेक्षा जास्त जाऊ देऊ नका. "फळ भरपूर घाल गं" हा प्रेमळ आग्रह इथे नडतो. जास्तीचा गर वरून वाढावा. मिश्रण सैल राहिलं पण पाणी सुटलेलं नाही, तर क्रीम कमी फेटलं गेलं. ते परत फेटायला जाऊ नका. वाट्या पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवून अर्धगोठलेलं वाढा. कोणाला कळणार नाही.

उपवासाला चालतं का, हा प्रश्न नवरात्रात हटकून येतो. फळ, चक्का, साखर आणि दुधाचं क्रीम बहुतेक घरांत चालतं. नॉन-डेअरी क्रीममधले घटक वाचल्यावर मात्र ज्याचं त्याने ठरवावं.

आंबा आणि स्ट्रॉबेरी

हापूसचा रस मुळात दाट असल्यामुळे कृती जवळपास तशीच: ३०० ग्रॅम रस, साखर २० ग्रॅम, लिंबू नको. रस चाळून घ्या, एकही धागा राहायला नको. पायरीचा रस पातळ. तो जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत तिसरा हिस्सा आटवा आणि पूर्ण गार करा. कोमट रस क्रीममध्ये गेला की क्रीम वितळतं, मग ते परत उभं राहत नाही. डब्यातला गोड पल्प वापरलात तर साखर शून्य.

डिसेंबरपासून मार्चपर्यंत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मुबलक असते. तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, म्हणून कच्ची वाटून घातली की दोन तासांत गुलाबी पाणी खाली उतरतं. ४०० ग्रॅम फळं देठासकट धुवा, पुसा, मग देठ काढा. देठ आधी काढले तर आत पाणी शिरतं. निम्मी फळं ३० ग्रॅम साखर घालून मध्यम आचेवर ८-१० मिनिटं शिजवा. चमचा फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला की उतरवा. १२० ते १५० ग्रॅम दाट रस उरतो. तो फ्रिजमध्ये पूर्ण गार झाल्यावर मिसळा. रस कमी असल्यामुळे मिश्रणही कमी होतं. या मापात ४-५ वाट्या धरा. उरलेली कच्ची फळं चिरून वाढायच्या वेळी वरून घाला. साखर आधी टाकून ठेवलीत तर त्यांनाही पाणी सुटेल.

ही फळं कच्ची मिसळू नका

अननस, पपई आणि किवी यांच्यात दुधातली प्रथिनं तोडणारी विकरं असतात. क्रीम-चक्क्यात ही फळं कच्ची मिसळून ठेवली तर काही तासांत कडू होतं आणि मिश्रण सैल पडतं. उष्णतेने ही विकरं निकामी होतात. म्हणून अननस बारीक चिरून साखरेबरोबर ७-८ मिनिटं चांगला उकळवा, रस आटवा, गार करून घाला. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो निथळून थेट चालतो. पपई आणि किवी शिजवून चांगली लागत नाहीत, त्यांचा नाद सोडलेला बरा. अंजिरातही असंच विकर असतं, कच्च्या फळाच्या चिकात सगळ्यात जास्त. पुरंदरची पिकलेली अंजिरं क्रीमवर चकत्या करून वाढायच्या वेळी ठेवावीत, आत कालवू नयेत.

सुरीने कापता येईल असं हवं असेल तर

जिलेटिन प्राणिज असल्यामुळे अनेक घरांत चालत नाही. त्याऐवजी चायना ग्रासची पूड घ्या. पण ती गरम असतानाच मिसळावी लागते आणि ४० अंशांच्या खाली जाताच गोठायला लागते. गार क्रीममध्ये उकळतं द्रावण ओतलं की रबरी धागे तयार होतात. २ ग्रॅम पूड ८० मिली पाण्यात २ मिनिटं खळखळ उकळा, ती साध्या तापमानाच्या आंब्याच्या रसात झपाझप मिसळा, मिश्रण हाताला जेमतेम कोमट लागलं की चक्का आणि मग क्रीम. चक्काही अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवलेला असावा. सीताफळाला हा खटाटोप नको, गरम द्रावणाने वास उडतो.

टिकवणं आणि नेणं

सीताफळाचं क्रीम त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी ते खराब होत नाही, पण रंग मळकट होतो. आंबा आणि स्ट्रॉबेरीचं फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं. टेबलावर तासाभरापेक्षा जास्त वेळ ठेवू नका. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो.

पेठेतून कोथरूडला कोणाकडे न्यायचं असेल तर भरलेल्या वाट्या नेऊ नका, वाटेतल्या खड्ड्यांनी काम तमाम होतं. स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून, घट्ट झाकण लावून, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवा आणि तिथे गेल्यावर वाट्यांत काढा.

तयार क्रीम पूर्ण गोठवलं तर बर्फाचे कण होतात. पण नुसता गर गोठवता येतो: ४०० ग्रॅम गराला ४० ग्रॅम साखर आणि लिंबाचा रस, सपाट पिशवीत हवा काढून भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. तीन-चार महिने वास चांगला राहतो. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी खालच्या कप्प्यात उतरवा. सुटलेलं पाणी चाळणीवर निथळून घ्या, कृतीतली साखर निम्मी करा. निथळलेलं पाणी दुधात घालून पिऊन टाका, गोड असतं.